घराबाहेर पडलेलं आडनाव

११ जुलै २०१०. जोहान्सबर्गला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना. स्पेनच्या मधल्या फळीत दोन नामबंधू खेळत होते. एक कॅटलोनियाच्या तेरासा गावचा चावी एर्नांदेझ, दुसरा बास्क प्रांतातल्या तोलोसाचा शाबी आलोन्सो. डच खेळाडूची लाथ भर छातीवर झेलली तो हा शाबी. तिसरा, नवार्राचा हावी मार्तीनेझ, राखीव खेळाडूंत बसला होता. चावी, शाबी, हावी: तीन प्रांत, तीन भाषा, तीन स्पेलिंगं, आणि नाव एकच. मुंबईच्या शाळेत हजेरी घेताना बाई ज्याला ‘झेवियर’ अशी हाक मारतात ते.

तिघांचंही ते पाळण्यातलं नाव. पण नाव म्हणून हा गृहस्थ तसा नवशिका. त्याची मूळची नोकरी आडनावाची, आणि त्याच्याही आधी तो होता नुसता एक पत्ता.

तो पत्ता अजून जागेवर आहे. स्पेनच्या उत्तरेला, नवार्राच्या पूर्व कडेला, आरागोनच्या सीमेलगत सांग्वेसा नावाचं गाव आहे. तिथून काही किलोमीटरवर एका उंचवट्यावर एक गढी उभी आहे. बास्क भाषेत घराला ‘एचे’ म्हणतात आणि नव्याला ‘बेरी’. एचेबेरी, नवं घर. शेजारच्या लॅटिनोद्भव बोलीत हे नाव गेलं तेव्हा पुढचा ‘ए’ गळाला, मधलं अक्षर घासलं, आणि उरलं शाबिएर. आपल्याकडे वसईला नवघर आहे आणि नवघरे आडनावाची माणसं आहेत. झेवियर हे त्याच जातीचं नाव. फरक एवढाच की ह्या ‘नव्या’ घराचा सर्वांत जुना बुरूज सुमारे हजार वर्षांचा आहे.

ह्या आडनावाचा स्वभाव समजायचा तर बास्क घराची शिस्त ठाऊक हवी. त्या डोंगरी मुलखात माणसांची घरं नसत, घरांची माणसं असत. घराला नाव असे, घराला चर्चमध्ये बसायची जागा असे, घराला थडगं असे. त्या घरात नांदायला येईल तो त्या घराच्या नावानं ओळखला जाई. लग्न करून मुलीच्या घरी राहायला आलेला जावईसुद्धा ह्या नियमातून सुटत नसे. आडनाव म्हणजे रक्त, रक्त म्हणजे बाप, ही आपली समजूत त्या दऱ्यांत फार कामाची नाही.

शाबिएरच्या गढीतलंच पाहा. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथले यजमान होते डॉक्टर हुआन दे हासो. बोलोन्याला कायदा शिकलेले, नवार्राच्या राजाच्या परिषदेचे अध्यक्ष, पण हासो. गढी आली होती ती त्यांच्या पत्नीच्या, मारिया दे अथ्पिल्कुएताच्या बाजूनं. मुलांपैकी थोरला मिगेल गढीचा वारस, म्हणून तो शाबिएर. मधल्या हुआननं आईच्या माहेरचं अथ्पिल्कुएता लावलं. धाकटा फ्रान्सिस्को, जन्म ७ एप्रिल १५०६. त्यानं घेतलं घराचं नाव. एका आईबापाची मुलं, एका ताटात जेवणारी, आणि आडनावं वेगवेगळी. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आजच्या आधार केंद्रावर हे कुटुंब उभं केलं तर संध्याकाळपर्यंत सुटका होणार नाही.

आता शिस्तीचा दुसरा, जरा कठोर भाग. घराची वाटणी करायची नाही. घर, जमीन, गुरं, सगळं अखंड एका मुलाला किंवा एका मुलीला. बाकीच्यांनी निघायचं. निघायचं म्हणजे समुद्रावर, सैन्यात, चर्चमध्ये किंवा अमेरिकेत. जो घरात राहिला त्याला नावाची फारशी गरज नव्हती, कारण त्याला ओळखणारी माणसं चार कोसांतच होती. नावाची गरज पडली ती बाहेर पडलेल्यांना. घर एकाच्या वाट्याला आलं आणि घराचं नाव बाकीच्यांच्या. माझ्या मते बास्क आडनावं जगभर पसरण्याचं खरं इंजिन हे आहे. साम्राज्य आणि जहाजं नंतर आली.

फ्रान्सिस्को धाकटा, म्हणजे निघणाऱ्यांतला. शिवाय त्याच्या बाबतीत घरानंही साथ सोडली होती. १५१२ मध्ये कास्तीयानं नवार्राचं राज्य गिळलं, १५१५ मध्ये वडील वारले, आणि १५१६ मध्ये कास्तीयाच्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकुमानं गढीचे बुरूज पाडून टाकण्यात आले. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत ज्याचं नाव तो पुढे लावणार होता ते घर बुटकं करण्यात आलं. १५२१ मध्ये त्याचे दोघे भाऊ राज्य परत मिळवायला लढले. त्याच मोहिमेत पाम्प्लोनाच्या तटावर, विरुद्ध बाजूनं लढणाऱ्या, गिपुस्कोआ ह्या बास्क प्रांतातल्या एका सरदाराचा पाय तोफेच्या गोळ्यानं मोडला. त्याचं नाव इन्यिगो, घर लोयोला. चार वर्षांनी फ्रान्सिस्को शिकायला पॅरिसला गेला; पुढे सेंत बार्ब कॉलेजात खोलीवर नवा सोबती आला तो हाच लंगडत चालणारा, वयानं बराच मोठा लोयोला. एका घराचं नाव दुसऱ्या घराच्या नावाला भेटलं आणि त्यातून जेझुइट संघ निघाला. १५४१ मध्ये आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी फ्रान्सिस्कोनं लिस्बनचा धक्का सोडला. गढी त्याला पुन्हा दिसली नाही.

त्याच्या मागोमाग जाण्याआधी ह्या आडनावाच्या इतर भावंडांची चौकशी करून घेऊ, कारण ती लोकसंख्येनं जास्त आहेत आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं तर त्यांना राग येईल.

नवं घर काय एकाच गावात बांधतात? बास्क मुलखाच्या प्रत्येक खोऱ्यात कधी ना कधी कुणी तरी नवं घर बांधलं, आणि तिथून एक एक एचेबेरी निघाला. त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं असेलच असं नाही, बहुधा नसतंच. स्पेनच्या पर्यटनस्थळांवर आडनाव सांगितलं की घराण्याची ढाल-तलवार छापून देणारी दुकानं असतात. तिथे सगळ्या एचेव्हेरीयांना एकच ढाल मिळते. घेणारे खूश, विकणारेही खूश.

नाव एक असलं तरी ते बोलीप्रमाणे कपडे बदलतं. बिस्काया भागात ‘बेरी’ला ‘बारी’ म्हणतात, म्हणून तिकडचा एचेव्हारीया. गिपुस्कोआ-नवार्राचा एचेव्हेरीया. शेवटचा ‘आ’ हे बास्क उपपद. ते न घेता निघालेला एचेव्हेरी. डोकं गळलेले चावारी, चाव्हारीया, चावेरी. फ्रान्सच्या हद्दीतला एचेव्हेरी मधे एक जादा ‘त’ लिहितो, आणि त्यातल्या काहींना फ्रेंच ‘द’ असा चिकटला की ते देचेव्हेरी झाले. सेंट जाँ द ल्यूझचा प्येर देचेव्हेरी हा असाच एक दर्यावर्दी. बास्क लोक तेव्हा देवमासे आणि कॉड माशांच्या मागे न्यूफाउंडलंडपर्यंत जात. ह्या गड्यानं १६७७ मध्ये त्या किनाऱ्यांची वाटाड्या-पोथी फ्रेंचमधून बास्क भाषेत आणली: कुठे खडक, कुठे नांगर, कुठल्या भूशिरापासून कुठलं भूशिर किती लांब. बास्क भाषेतल्या जुन्या छापील पुस्तकांपैकी बहुतेक धर्माची. त्यांत हे एक खाऱ्या पाण्याचं.

पुढे सगळी रांग अटलांटिकपार गेली. १८०५ मध्ये ब्युनोस आयरेसला एस्तेबान एचेव्हेरीया जन्मला. कवी, हुकूमशहा रोसासचा विरोधक. त्याची ‘एल मातादेरो’ म्हणजे कत्तलखान्याची कथा. त्या कत्तलखान्यात गुरांबरोबर एक तरुण विरोधकही कसा हाल होऊन मरतो हे ती दाखवते. लिहिली रोसासच्या राजवटीत, छापली गेली १८७१ मध्ये, लेखक माँटेव्हिडिओच्या परागंदा मुक्कामात वारल्यानंतर वीस वर्षांनी. अर्जेंटिनाची कथा तिथून सुरू झाली असं बरेच जण मानतात. कोलंबियाच्या मेदेयीनमध्ये आलेहांद्रो एचाव्हारीयानं १९०७ मध्ये कोल्तेहेर ही कापडगिरणी काढली आणि त्या डोंगरी शहराचं गिरणगाव झालं. कोस्टारिकाच्या सार्ची गावात चावेरींचा कारखाना रंगीत नक्षीच्या बैलगाड्या करतो. तिथली बैलगाडीची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे. बोलिव्हियाचा मार्को एचेव्हेरी हा १९९४ च्या विश्वचषकाच्या उद्‌घाटनाच्या सामन्यात बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांतच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. त्याला लोक ‘एल दियाब्लो’, सैतान म्हणत. चुलत घराण्यात संत असताना हे नाव पडावं!

आणि लुईस एचेव्हेरीया. मेक्सिकोचा १९७० ते १९७६ ह्या काळातला राष्ट्राध्यक्ष. २ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको शहरात त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा हा गृहमंत्री होता. आरोपानं अखेरपर्यंत पाठ सोडली नाही, न्यायालयात तो सिद्ध झाला नाही, आणि हा माणूस शंभर वर्षं पुरी करून २०२२ मध्ये वारला. कत्तलीची गोष्ट लिहिणारा एचेव्हेरीया आणि कत्तलीचा डाग लागलेला एचेव्हेरीया: आडनावाकडून शीलाची हमी मागणाऱ्यांनी ही जोडी लक्षात ठेवावी.

पण भावंडांत नशीब काढलं ते गढीवाल्यानं. ते नशीब आपल्या किनाऱ्यावर उघडलं.

६ मे १५४२ ला फ्रान्सिस्को गोव्यात उतरला. इस्पितळात राहायचा, रस्त्यानं घंटा वाजवत फिरून मुलं गोळा करायचा. तिथून मोत्यांच्या किनाऱ्यावर, म्हणजे तामिळनाडूच्या दक्षिण टोकाशी पारवार कोळ्यांत. मग मलाक्का, मोलुक्का, १५४९ मध्ये जपान. ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या दारात, शांगचुआन बेटावर, त्याचा ताप आणि प्रवास दोन्ही संपले. दहा वर्षांत एवढं अंतर त्या काळी व्यापाऱ्यांनीही क्वचितच कापलं असेल. पत्रांखाली तो फक्त ‘फ्रान्सिस्को’ अशी सही करी. आडनाव त्यानं जवळजवळ टाकूनच दिलं होतं. ते उचललं इतरांनी.

पहिला उचलणारा घरचाच निघाला. त्याच्या बहिणीच्या वंशातला नातू हेरोनिमो दे एस्पेलेता. हाही जेझुइट झाला, पण एस्पेलेता हे नाव बाजूला ठेवून त्यानं झेवियर घेतलं आणि १५९५ मध्ये लाहोरला अकबराच्या दरबारी पोचला. तिथे फारसी शिकला, बादशहासाठी ‘मिरात-उल-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र अब्दुस सत्तार ह्या दरबारी विद्वानाच्या मदतीनं फारसीत लिहिलं, जहांगिरापर्यंतचे दिवस पाहिले आणि १६१७ मध्ये गोव्यात वारला. पाडलेल्या बुरुजांच्या गढीचं नाव मोगलांच्या चित्रशाळेपर्यंत गेलं ते ह्या उसन्या वारसामुळे.

१२ मार्च १६२२ ला रोममध्ये एकाच समारंभात पाच जणांना संतपद मिळालं: लोयोला, झेवियर, आव्हिलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि माद्रिदचा शेतकरी इसिद्रो. त्या दिवसापासून ‘झेवियर’नं आडनावाची नोकरी सोडली. संताचं जन्मनाव फ्रान्सिस हे आधीच असीसीच्या फ्रान्सिसनं व्यापलेलं; दोघांत फरक करायचा तर घराचं नाव जोडायला हवं. म्हणून ‘फ्रान्सिस्को हावियेर’ अशी जोडगोळी बारशाला येऊ लागली, आणि पुढे जोडगोळीतला पहिला गळून नुसता हावियेर उरला. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस हावियेर पेरेझ दे क्वेयार, कादंबरीकार हावियेर मारियास, नट हावियेर बार्देम ही सगळी त्या गळतीची फळं. मुलींनाही ते लाभलं. चिलीच्या स्वातंत्र्यलढ्यातली हाविएरा कारेरा. इटलीची फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी, जिनं शपथ घेताना हे नाव घेतलं ते चीनला जायच्या ओढीनं, आणि १८८९ मध्ये पोपनं तिला धाडलं न्यूयॉर्कला. आज अमेरिकेत स्थलांतरितांची संत म्हणून तिला मानतात.

आमच्याकडच्या उच्चारांचा हिशेब वेगळा. फ्रान्सिस्कोच्या काळात स्पॅनिश ‘एक्स’चा उच्चार ‘श’ होता. पुढे त्याचा घशातून काढायचा ‘ह-ख’ झाला आणि १८१५ मध्ये माद्रिदच्या अकादमीनं लिहिण्यातही ‘एक्स’ काढून ‘जे’ आणला. शाबिएरचा हावियेर झाला. पोर्तुगीजांनी मात्र जुना ‘श’ जपला. त्यामुळे गोव्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडचा ‘शावियेर’ हा आजच्या माद्रिदच्या प्राध्यापकाच्या उच्चारापेक्षा संताच्या स्वतःच्या उच्चाराला जवळचा आहे. इंग्रजांनी ‘झेवियर’ केलं, मुंबईनं ते उचललं. तमिळांनी ‘सवेरियार’ केलं आणि त्यातून स्वतःची नावंही घडवली. सवरिमुत्तू हे त्यातलं मला सर्वांत आवडणारं. मुत्तू म्हणजे मोती. मोती काढणाऱ्या कोळ्यांनी परक्या गढीच्या नावात आपला माल ओवून टाकला. इतका सुंदर बदल त्या नावात दुसऱ्या कुणी केलेला नाही.

गोव्यात बाप्तिस्मा झाला की नवं आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं मिळे. म्हणून डिसोझा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज यांचं पीक. झेवियर त्या मानानं मधल्या नावाच्या जागी अधिक रमला. तरी आडनाव म्हणूनही तो भेटतो, आणि भेटतो तो थाटात: एकोणिसाव्या शतकातले गोव्याचे इतिहासकार फिलिप नेरी झेवियर. नाव वाचूनच कळतं की १६२२ च्या त्या समारंभातले दोन संत एका गोवेकराच्या पदरी पडले आहेत. ह्या गृहस्थांनी १८५२ मध्ये तिसवाडी, साष्टी आणि बार्देशच्या गावकऱ्यांचा, म्हणजे कोमुनिदादींचा इतिहास पोर्तुगीजमध्ये मांडला. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेली जमिनीची सामाईक व्यवस्था, तिचे नियम, तिचे हक्क. स्पेनमधल्या घराचं नाव लावणारा माणूस कोकणातल्या गावाची मुळं खणत बसला होता. आजही त्या विषयावर काम करणाऱ्यांना त्याच्या दारावरून जावं लागतं.

मराठी इतिहासाशीही ह्या नावाची एकदा समोरासमोर गाठ पडली. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांनी गोव्यावर चाल केली आणि जुव्याचं बेट घेतलं. जुनं गोवं हाकेच्या अंतरावर. व्हाइसरॉय कोंद द अल्व्होर जुव्यावर मार खाऊन परतला आणि थेट बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला. गोव्यात आणून तिथे ठेवलेली संताची शवपेटी उघडवून त्यानं आपला अधिकारदंड तिथे ठेवला: आता राज्य तुम्हीच राखा. त्यानंतर मोगल शहजादा शाहआलम फौज घेऊन घाट उतरू लागला आणि राजांना मागे वळावं लागलं. पोर्तुगीजांनी श्रेय शवपेटीला दिलं. आपले इतिहासकार ते शाहआलमला देतात, आणि मला तेच पटतं. पण पुढे गव्हर्नरनं पदभार घेताना दंड संताच्या हातून घेतल्यासारखा घ्यायचा, असा रिवाज गोव्यात पडला. फ्रान्सिस्कोच्या वडिलांच्या राजाला परिषदेचा सल्ला मिळत असे; इथे मुलगा मरणोत्तर व्हाइसरॉयांचा वरिष्ठ झाला.

ह्या वैभवाची सावलीही लिहिली पाहिजे. १५४६ मध्ये मोलुक्काहून पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस्कोनं गोव्यात इन्क्विझिशन हवं अशी मागणी केली होती. ते न्यायासन १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी आलं आणि १८१२ पर्यंत टिकलं. अडीचशे वर्षांच्या त्या जाचासाठी एकट्या पत्राला जबाबदार धरणं चूक, आणि पत्र लपवणं त्याहून चूक. गंमत अशी की तरीही गोव्यातले अनेक हिंदू नोव्हेंबर-डिसेंबरात त्या शवपेटीपुढे मेणबत्ती लावून येतात आणि ‘गोंयचो सायब’ म्हणताना अडखळत नाहीत.

पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे नाव ब्राझीलला गेलं. तिथे १७९२ मध्ये त्याच पोर्तुगीजांनी ज्याला फासावर चढवलं त्या क्रांतिकारकाचं नाव जुआकीं जुझे दा सिल्वा शाविएर. दात काढायचा त्याचा धंदा होता म्हणून लोक त्याला तिरादेन्तेस म्हणत. २१ एप्रिल, त्याच्या फाशीचा दिवस, ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा असतो. फिलिपाइन्समध्ये नाव पोचलं ते जास्त रुक्ष वाटेनं. तिथे लोक एकाच घरात वेगवेगळी आडनावं लावतात, करवसुलीला त्रास होतो, म्हणून गव्हर्नर-जनरल क्लावेरियानं १८४९ मध्ये आडनावांची एक छापील यादीच काढली आणि गावोगाव वाटली. कुटुंबप्रमुखानं यादीतून आडनाव निवडायचं. काही गावांना एकाच अक्षराची पानं मिळाली, आणि तिथे अजून घरोघर त्याच अक्षराची आडनावं आहेत. आज तिकडे हावियेर पुष्कळ आहेत; त्यांतल्या कुणाच्या पणज्यानं श्रद्धेनं घेतलं आणि कुणाच्या पणज्यानं यादीतून, हे सांगणं कठीण. एका घरात अनेक आडनावं असणं हा गव्हर्नर-जनरलला गुन्हा वाटला, हे गढीतल्या हासो-शाबिएर-अथ्पिल्कुएता मंडळींनी ऐकलं असतं तर त्यांना मौज वाटली असती.

मुंबईत ह्या आडनावानं माणसांऐवजी इमारती धरल्या. धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजाची स्थापना १८६९ ची. काढलं जर्मन जेझुइटांनी, पण १९२२ मध्ये तिथे एक खराखुरा स्पॅनिश माणूस आला: बार्सिलोनाचा फादर एन्रिके एरास, मुंबईचे फादर हेरास. त्यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली, विजयनगरवर काम केलं, सिंधू लिपी द्राविडी आहे ह्या मतासाठी आयुष्य झिजवलं आणि १९५५ मध्ये मुंबईतच देह ठेवला. कोलकाता, रांची, अहमदाबाद, जमशेदपूर. देशात मोठं शहर दाखवा आणि तिथलं झेवियर्स दाखवतो असं म्हणता येईल. ह्या संस्थांत शिकलेला माणूस ‘मी झेवियर्सचा’ असं म्हणतो तेव्हा नकळत जुना बास्क नियमच पाळत असतो, ज्या घरात राहिलो त्या घराचं नाव. अमेरिकन चित्रकथांनी तर १९६३ पासून ह्या नावाला टक्कल, चाकांची खुर्ची आणि मन वाचायची विद्याही देऊन टाकली आहे. आजच्या पोरांना प्रोफेसर झेवियर आधी भेटतो, संत नंतर.

खुद्द स्पेनमध्ये हल्ली त्याची घरवापसी चालू आहे. फ्रँकोच्या राजवटीत बास्क नावं नोंदवून घेत नसत. लोकशाही आल्यावर एचेव्हेरीयांपैकी पुष्कळांनी आपलं आडनाव पुन्हा बास्क पद्धतीनं लिहायला घेतलं, आणि पोरांची नावं हावियेरऐवजी ‘शाबिएर’ ठेवली. तोलोसाचा आलोन्सो त्याच पिढीतला. कायदाही बदलला. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक बापाचं एक आईचं, आणि लग्नानंतर बायकोचं आडनाव बदलत नाही. पूर्वी बापाचं आधी लागे. आता कुठलं आधी लावायचं ते आईबाप ठरवतात. मारिया दे अथ्पिल्कुएताच्या घरात हे पाचशे वर्षांपूर्वी कायद्याशिवाय होत होतं.

आणि गढी? वारसाहक्कानं ती सरदार घराण्यांत फिरत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिल्याएर्मोसाच्या डचेसनं तिची डागडुजी करवली, शेजारी चर्च बांधवलं आणि सगळं जेझुइटांच्या हवाली केलं. सिस्नेरोसनं पाडलेले बुरूज पुन्हा उभे राहिले, ह्या वेळी पर्यटकांसाठी. आत अक्रोडाच्या लाकडाचा एक जुना ख्रिस्त आहे. क्रुसावर असूनही त्याच्या ओठांवर हसू आहे. त्याच्यामागे भिंतीवर नाचणारे सांगाडे रंगवलेले आहेत. स्पेनमधल्या सगळ्या मोठ्या कॅथीड्रलांतल्या रडक्या ख्रिस्तांपेक्षा मला ही मूर्ती जास्त जवळची वाटते.

कुणाला जायचं असेल तर मार्चचा पूर्वार्ध साधावा. त्या दिवसांत पाम्प्लोनाहून हजारो माणसं गढीपर्यंत चालत जातात. त्या वारीला ‘हाविएरादा’ म्हणतात. अंतर पन्नासेक किलोमीटर, हवा थंड, अधूनमधून पाऊस. छत्री जवळ ठेवा आणि बूट आधी चार दिवस घालून मऊ करून घ्या.